रिमोट मुलाच्याच हातात राहू द्या



आज निबंध नाही, कवितेचा पाठही नाही. आज रिमोटच्या गाडीबद्दल लिहायचंय. हसू नका. दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी मूल येऊन सांगतंच, "मॅडम, मला मामाने रिमोटची गाडी आणली!" आपण "हो का? छान हं," म्हणतो आणि हजेरी घ्यायला लागतो. मीही तेच करत आले होते. मागच्या वर्षी मात्र चौथीतल्या एका मुलाने ती गाडी आनंददायी शनिवारी शाळेत आणली आणि त्या गाडीने मलाच धडा शिकवला. तो धडा गाडी चालवण्याचा आहे, तसाच शिकवण्याचाही आहे. म्हणून इथे सांगते.

ही गाडी फरशीवर पळणाऱ्या खेळण्यातली नव्हती. मोठी खाचांची चाकं, चारही चाकांना स्प्रिंगचे शॉकअप, आणि मातीत, दगडगोट्यांत पळायची ताकद. जाणकार लोक हिला ऑफ-रोड आरसी गाडी म्हणतात. मुलाचा नाशिकला इंजिनिअरिंग शिकणारा मोठा चुलतभाऊ होता, त्याने ती वापरून झाल्यावर याला दिलेली. आमच्या मनमाडचं मैदान कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मुरूम, मधेच काळ्या मातीचा पट्टा, कडेला बाभळीचे काटे. अशा गाडीला याहून चांगली जागा कुठली?

त्या दिवशी काही पालकही आले होते. मुलाने रिमोट हातात घेतला, ट्रिगर पूर्ण दाबला, गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर कोलांटी खाऊन उलटी पडली. सगळे हसले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी पुढे झाले. "दे इकडे, मी दाखवते," म्हणत त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि गाडी थेट शाळेच्या भिंतीवर नेऊन आदळली. पुढच्या चाकाचा दांडा मोडला. मुलगा काही बोलला नाही. हात खिशात घालून उभा राहिला. पुढच्या शनिवारी भावाने दांडा बदलून दिला होता, गाडी शाळेत आली, पण रिमोट त्याने माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुम्हीच चालवा."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. गाडीचा दांडा दोन दिवसांत बदलून झाला. त्या मुलाचा हात पुन्हा रिमोटवर यायला मात्र दोन महिने लागले.

घाई कोणाला असते?

माझं मत सरळ आहे. नवशिक्याने वेग सगळ्यात शेवटी शिकायचा असतो आणि मोठ्यांनी रिमोट हातातून काढून घ्यायचा नसतो. ऐकायला सोपं वाटतं, पण आपण बरोबर उलटं करतो. मूल अडखळलं की आपल्याला राहवत नाही.

आमच्या गावात रेल्वेत काम करणारी घरं खूप. वर्गातल्या एका मुलीचे वडील लोको पायलट आहेत. मी त्यांना हा किस्सा सांगितला तर ते म्हणाले, "मॅडम, गाडी पळवायला फार शिकावं लागत नाही. कुठे कमी करायची आणि कशी थांबवायची, हे शिकण्यातच सगळा वेळ जातो." हजारो टनांची मालगाडी असो की दोन किलोची रिमोटची गाडी, नियम तोच.

मोठ्या स्पर्धांतही हेच दिसतं. आपल्या नाशिकला मोटारींची रॅली ऑफ महाराष्ट्र झालेली आहे. पवईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये इंजिनावर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्यांची 'फुल थ्रॉटल' नावाची शर्यत होत आली आहे. नावात फुल थ्रॉटल असलं तरी पूर्ण शर्यतभर ट्रिगर दाबून कोणी जिंकत नाही. मातीवरच्या या छंदालाही आता बरीच वर्षं झाली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पहिली रिमोटची मोटार बाजारात आणली आणि १९७९ मध्ये वाळू-मातीत पळणाऱ्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या गाड्या काढल्या. १९८५ पासून तर ऑफ-रोड गाड्यांची जागतिक स्पर्धा होते. म्हणजे मोठी माणसं हे गंभीरपणे खेळतात, आणि त्यांच्याकडून आपल्या मुलांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिले काही दिवस काय करायचं?

चुलतभावाने मला आणि मुलांना जे शिकवलं, आणि आम्ही दोन महिने मुरमात करून पाहिलं, ते क्रमाने सांगते. घरी गाडी असेल तर पालकांनी जरूर करून बघा.

१) सुरू करायचा क्रम. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडी कोणाचं न ऐकता सुटू शकते. आमच्या वर्गात हे पाठ करून घ्यावं लागलं नाही. "आधी मास्तर जागा, मग मुलं," असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

२) सरळ चालते का ते पाहा. स्टिअरिंगला हात न लावता गाडी हळू सोडायची. एका बाजूला ओढत असेल तर रिमोटवर ट्रिम नावाचं छोटं बटण असतं, त्याने सरळ करून घ्यायची. हे न करता मुलाला "सरळ चालव" म्हणणं म्हणजे वाकड्या पट्टीने सरळ रेघ मारायला सांगणं.

३) वेग बांधून ठेवा. बऱ्याच रिमोटवर वेगाची मर्यादा ठरवता येते. ती अर्ध्यावर आणा. सोय नसेल तर ट्रिगरच्या मागे स्पंजचा छोटा तुकडा लावा, म्हणजे तो पूर्ण दाबलाच जात नाही. मूल चिडेल, चिडू द्या. पण "हळू चालव, हळू चालव" असं सतत ओरडण्यापेक्षा हे बरं.

४) दोन बाटल्या आणि इंग्रजी आठ. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या सात-आठ पावलांवर ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत गाडी फिरवायची. खरी गंमत इथे आहे. गाडी आपल्यापासून लांब जात असते तेव्हा तिचं उजवं आणि आपलं उजवं एकच. ती वळून आपल्याकडे यायला लागली की सगळं उलटं. आपल्याला ती आपल्या उजवीकडे न्यायची असेल तर स्टिअरिंग डावीकडे. मी भिंतीवर आदळले ती इथेच.

आपण शिक्षक हे रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. कवायत घेताना मुलांकडे तोंड करून "उजवा हात वर" म्हणतो आणि स्वतःचा डावा वर करतो. डी.एड.ला आपण पियाजे वाचला. तीन डोंगरांचा त्याचा प्रयोग आठवत असेल: समोर बसलेल्याला डोंगर कसे दिसतात हे लहान मुलाला सांगता येत नाही, त्याला वाटतं मला दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं. आमच्याकडे याला प्रयोगाचं सामान लागत नाही. हडबीची शेंडी, म्हणजे तो अंगठ्यासारखा सुळका, चालत्या रेल्वेतून बघा, आकार बदलत जातो. अंकाई-टंकाईची जोडी एका बाजूने दोन डोंगर दिसते, दुसरीकडून एकात एक मिसळते. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं मुलाला सावकाश जमतं. पहिली-दुसरीतल्या मुलाला आठचा आकडा जमला नाही तर त्याच्यात काही कमी आहे असं समजू नका. "तू गाडीत बसला आहेस असं समज," एवढंच सांगा. सुरुवातीला गाडीच्या दिशेने अंग वळवून उभं राहिलं तरी चालतं.

५) वळणाच्या आधी कमी, वळणानंतर जास्त. चाकाची मातीवरची पकड ठरावीक असते. तिला मी वर्गात भाकरी म्हणते. एकच भाकरी आहे, ती ब्रेकला द्यायची, वळण्याला द्यायची आणि पळण्यालाही द्यायची. तिघांनी एकदम ओढली तर कोणालाच पुरत नाही आणि गाडी घसरते. म्हणून सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा, मग ट्रिगर सोडून वळायचं, आणि चाकं सरळ व्हायला लागली की हळूहळू वेग द्यायचा. वळणात जोरात ट्रिगर दाबला तर मागच्या चाकांच्या गाडीची शेपूट फिरते आणि चारही चाकांची गाडी बरेचदा बाहेर वाहत जाते. सुक्या मुरमावर तर बारीक खड्यांमुळे ही भाकरी आणखी लहान होते. मातीचे ट्रॅक म्हणूनच पाणी मारून दाबतात. मनमाडमध्ये ट्रॅकवर पाणी मारायची गोष्ट काढली तर लोक आपल्यालाच मारतील! आम्ही पाऊस उघडल्यावर माती दबलेली असते ते दिवस साधले, उन्हाळ्यात वेग आणखी कमी केला.

६) नजर गाडीवर नको, गाडीच्या पुढे. नवीन मूल गाडीकडेच टक लावून बघतं, म्हणून वळण आल्यावर दचकतं. नजर दोन-तीन पावलं पुढे ठेवायची. वाचनातही चांगला वाचणारा ओठावरच्या शब्दाच्या पुढचा शब्द बघत असतो, हे आपण जाणतोच.

७) उडी नंतर. सगळ्यांना उंचवट्यावरून गाडी उडवायची असते. हवेत असताना ट्रिगर दाबला तर गाडीचं नाक वर जातं, ब्रेक दाबला तर खाली येतं. फिरणाऱ्या चाकांचा तो परिणाम. जमलं की फार छान वाटतं, पण आधी छोट्या उंचवट्यावरून हळू जाऊन चारही चाकांवर उतरता आलं पाहिजे.

आणि पालकांनी बॅटरी स्वतःच्या ताब्यात ठेवावी. या गाड्यांत बरेचदा लिथियम पॉलिमर बॅटरी असते. तिचं चार्जिंग मोठ्यांनी समोर बसून, तिच्याच चार्जरने करायचं. रात्रभर लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, आग लागू शकते. रिमोट मुलाच्या हातात म्हणताना चार्जर त्याच्या हातात असा अर्थ घेऊ नका.

फळ्यावरचं गणित

एका शनिवारी आम्ही वेळ लावली. पाच फेऱ्या. गाडी एकच, म्हणून एकेकाने चालवायची आणि घड्याळ मी धरायचं. एक मुलगा एकदम तयारीचा, फेरी १५ सेकंदांत. पण तो चार वेळा उलटला आणि दर वेळी गाडी सरळ होऊन निघायला १२ सेकंद गेले. एक मुलगी अगदी सावकाश, फेरीला २२ सेकंद, पण एकदाही उलटली नाही. गणित मुलांनीच फळ्यावर मांडलं. मुलाचे ७५ अधिक ४८, म्हणजे १२३ सेकंद. मुलीचे ११०. सावकाश चालवणारी १३ सेकंदांनी पुढे!

वर्ग शांत झाला. मग तयारीच्या मुलाने स्वतःच विचारलं, "मॅडम, मी एकदाच उलटलो असतो तर?" ७५ अधिक १२, ८७. "मग मी जिंकलो असतो." बरोबर. त्याला वेग सोडायला सांगायची गरज नव्हती. न उलटता किती वेगाने जाता येईल, हे त्याचं त्यालाच शोधायचं होतं. पुढचे तीन शनिवार तो तेच शोधत होता. मी "हळू" हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

उलटलेली गाडी कोणी उचलायची?

या शर्यतींतली एक पद्धत मला फार आवडली. वळणावळणावर मार्शल उभे असतात. कोणाचीही गाडी उलटली की ते ती सरळ करतात. हे मार्शल कोण? आधीच्या शर्यतीत नुकतेच गाडी चालवून आलेले स्पर्धक! तुम्ही खेळलात, आता दुसऱ्याच्या गाडीसाठी उभं राहायचं. हरलात तरी उभं राहायचं, जिंकलात तरी.

आम्ही हे जसंच्या तसं घेतलं. नियम दोनच. मार्शलचा हात गाडीला लागला असेल तेव्हा चालवणाऱ्याने ट्रिगर सोडायचा, नाहीतर बोटं चाकात जातील. आणि मार्शलने गाडी फक्त सरळ करून खाली ठेवायची, ओरडायचं नाही, "कशी चालवतोस रे" म्हणायचं नाही. दुसरा नियम मुलांपेक्षा मला जड गेला. पण माझा त्या चौथीतल्या मुलाशी तुटलेला धागा इथेच जुळला. रिमोट नको म्हणणारा तो पोरगा मार्शल व्हायला आनंदाने तयार झाला. आठवडेच्या आठवडे दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करत राहिला. कोण कुठे उलटतं, का उलटतं, हे त्याला सगळ्यांत आधी कळायला लागलं. आणि एका शनिवारी, मी काही न म्हणता, त्याने रिमोट उचलला.

वर्गात हे कुठे लागतं?

निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्यातलं उद्दिष्ट आपल्याला माहीत आहे. त्यातला '६०' आपल्या डोक्यात पक्का बसला, 'समजून' मात्र निसटतो. हातात घड्याळ घेऊन आपण मुलाला पळवतो, ते अडलं की शब्द आपणच सांगून टाकतो. "दे इकडे, मी दाखवते." तोच रिमोट, फक्त दिसत नाही. असं मूल काही महिन्यांनी वाचताना अडलं की पुस्तकाकडे बघतच नाही, आपल्या तोंडाकडे बघतं. "मॅडम, तुम्हीच चालवा," असंच ते सांगत असतं.

घरीही हेच होतं. प्रकल्पाची वही आई सजवते, गणित बाबा सोडवतात, कारण वेळ नसतो. घाई आपल्याला असते, मुलाला नसते.

कोणी म्हणेल, मॅडम, चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाची वाट बघत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार? प्रश्न खरा आहे आणि माझाही आहे. सगळं सोडून द्या असं मी म्हणत नाही. मी स्वतःला एकच नियम घालून घेतलाय: मूल अडलं की मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच तोंड उघडायचं. निम्म्या वेळा तोंड उघडावंच लागत नाही.

गाडी नसेल तर?

आमच्या वर्गातही गाडी एकच होती आणि सगळ्यांना पुरली. प्रत्येक घरी ती असावी असं अजिबात नाही. घ्यायचीच असेल तर एवढं बघा: स्वस्त खेळण्यात बहुतेक वेळा चाक एकदम पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे जातं, वेगही एकच. त्यावर हात बसत नाही. ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग देणारी आणि जिचे सुटे भाग मिळतात अशी गाडी असेल तरच शिकण्यात अर्थ. दांडा मोडणार, हे धरूनच चाला.

आणि गाडी नसली तरी खेळ होतो. एक मूल गाडी, दुसरं रिमोट. मैदानावर दोन बाटल्या ठेवा. रिमोट झालेल्या मुलाने एका जागी उभं राहून "डावीकडे, उजवीकडे, थांब" एवढंच बोलायचं आणि गाडी झालेल्याने डोकं न वापरता ते ऐकायचं. गाडी समोरून यायला लागली की बघा कसा गोंधळ उडतो! पैसा लागत नाही, दिशा पक्क्या होतात, हसून हसून पोट दुखतं. फक्त एक काम तुम्ही करायचं, आणि ते सगळ्यांत अवघड आहे. कडेला उभं राहायचं, पाचपर्यंत मोजायचं, आणि हात पुढे करायचा नाही.

तुमच्या शाळेत असं काही करून पाहिलंत तर मला जरूर कळवा. विशेषतः कधी तुमचा हात पुढे गेला, तेही सांगा. माझा अजूनही जातो.